भाकरीवरचा पहारा

मॅक्सिम गॉर्की आपल्याकडे पोचला तो ‘आई’ या कादंबरीमुळे. माझीही त्याच्याशी ओळख बी.ए.च्या वर्षांत त्याच पुस्तकाने झाली. आज मात्र बोलायचे आहे ते त्याने जुलै १९२१ मध्ये जगाला घातलेल्या हाकेविषयी. रशिया उपाशी आहे, भाकरी आणि औषधे द्या, अशी ती हाक होती.

महायुद्ध, मग यादवी, शेतकऱ्यांकडून सक्तीची धान्यवसुली, आणि त्यात पावसाने दिलेली ओढ. व्होल्गाकाठचे समारा, साराटोव्ह, कझान हे प्रांत होरपळले. तातार आणि बश्कीर वस्त्यांचे हाल तर बघवत नव्हते. माणसे गवत आणि झाडांच्या साली खात होती. या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे मेली असा अंदाज आहे.

हाकेला ओ दिली ती हर्बर्ट हूव्हर यांनी. अमेरिकेचे व्यापारमंत्री, ‘अमेरिकन रिलीफ ॲडमिनिस्ट्रेशन’चे प्रमुख आणि साम्यवादाचे कट्टर विरोधक. आधी तुमच्या तुरुंगातले अमेरिकी सोडा, मग बोलू, असे त्यांनी कळवले. २० ऑगस्टला रिगा येथे करार झाला. स्थानिक माणसे अमेरिकेने निवडायची, जात-धर्म-पक्ष न बघता वाढायचे. वाहतुकीचा आणि कोठारांचा खर्च सोव्हिएत सरकारचा. कोणी राजकारण किंवा व्यापार करताना सापडला, तर त्याला हाकलण्याचा हक्क सरकारचा.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच, तीनच दिवसांनी, लेनिनने मोलोटोव्हना चिठ्ठी लिहिली. एवढे अमेरिकी येणार, तेव्हा ‘चेका’, म्हणजे गुप्त पोलिसांकरवी त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी समिती नेमा. सरकारचा प्रतिनिधी म्हणून नेमला गेला तो एयडूकही चेकाचाच माणूस! मदतकार्यातल्या स्थानिक नोकरांना अटक व्हायची, गाड्या रखडायच्या, तक्रारींची पत्रे मॉस्कोला जायची.

संशय अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. यादवीत परकी फौजा रशियात उतरल्या होत्या, हे कोण विसरेल? शिवाय अमेरिकेत मका पडून होता, भाव कोसळले होते. डिसेंबरात काँग्रेसने २ कोटी डॉलर मंजूर केले, त्यात तिकडच्या शेतकऱ्याचाही फायदा होताच. पण मला खटकते ते वेगळेच. दुष्काळासाठी देशातल्याच नामवंतांची एक समिती झाली होती. लेखक कोरोलेंको तिचे मानद अध्यक्ष, गॉर्की सभासद. रिगा करारानंतर आठवडाभरात सरकारने ती मोडली आणि तिच्या बहुतेक सभासदांना पकडले. परक्यांवर नुसता पहारा, घरच्यांना तुरुंग! परक्यांकडे निदान मका तरी होता. कोरोलेंको त्याच वर्षी डिसेंबरात वारले.

एवढे होऊनही चुली पेटल्या. सुमारे ३०० अमेरिकी आणि १ लाखाहून अधिक स्थानिक माणसे राबत होती. ऑगस्ट १९२२ मध्ये रोज १ कोटीहून अधिक लोक त्यांच्या अन्नावर जगत होते. ज्या सरकारला त्यांचा संशय होता, त्याच्याच रेल्वेने हे धान्य गावोगाव जात होते.

मग त्या शरद ऋतूत बातमी आली की सोव्हिएत सरकार धान्य निर्यात करणार आहे. यंत्रे घ्यायची तर परकीय चलन हवे, हे त्यांचे म्हणणे. एका बंदरात मदतीचे धान्य उतरायचे आणि दुसरीकडून विकायचे धान्य चढायचे, हे हूव्हर यांना कसे पचावे? अमेरिकेतल्या देणगीदारांचे मनही उडाले.

१९२३ च्या उन्हाळ्यात पथक परतले. सरकारने हूव्हर यांना मानपत्र दिले; सोव्हिएत जनता ही मदत कधी विसरणार नाही, अशा आशयाचे. पुढे सोव्हिएत पुस्तकांत हीच माणसे हेर ठरली. आणि एयडूक? त्याला १९३८ मध्ये स्वतःच्याच सरकारने गोळी घातली.