राइशबँकेची खिडकी

१९१४ पूर्वी एका डॉलरला सुमारे ४.२ जर्मन मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडू लागले! युद्धाचे कर्ज, दोस्तांची खंडणी, रूरचा ताबा ही कारणे आपण शाळेत घोकतो. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, राइशबँकेच्या, खिडकीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

व्यापाऱ्यांच्या हुंड्या बँका या खिडकीवर पुन्हा वटवून घेत. जुलै १९२२ पर्यंत वटणावळ शेकडा ५ होती; भाव त्याच्या कितीतरी पटीने चढत होते. मग धूर्त कारखानदार काय करी? उसने मार्क उचली, त्यांचे डॉलर घेई, आणि मुदत भरली की त्यांतले थोडेसे मोडून सारे कर्ज फेडी.

फेब्रुवारी १९२३ मध्ये राइशबँकेने आपल्याजवळचे परकीय चलन विकून डॉलरचा भाव ४९,००० मार्कांवरून सुमारे २१,००० वर आणला. पण खिडकी उघडीच! एका हाताने डॉलर विकायचे आणि ते घेण्यासाठी दुसऱ्या हाताने मार्क उसने द्यायचे. १८ एप्रिलला बांध फुटला. बाजाराची चणचण भागवणे हे आपले कर्तव्यच, असे अध्यक्ष हाफेनश्टाइन मनापासून मानत. लबाडीपेक्षा मला हेच अधिक भयंकर वाटते.

नवे चलन आल्यावर १९२४ च्या प्रारंभी पुन्हा तोच खेळ रंगू लागला. तेव्हा नवे अध्यक्ष शाख्ट यांनी ७ एप्रिलला हुकूम काढला : जुने कर्ज फिटेल तेवढेच नवे मिळेल. देणी भागवायला मार्क हवेत आणि उसने तर मिळेनात. तेव्हा दडवलेले डॉलर घेऊन लोक राइशबँकेच्याच दारी विकायला आले.