पेळू, आयोडिन आणि उजेड

‘ध्रुवीकरण’ हा शब्द आपण निवडणुकीच्या बातम्यांत वाचतो आणि कपाळाला आठ्या घालतो. माझ्यासारख्याला तो जरा जास्तच टोचतो. प्रकाशाच्या शास्त्रात मात्र हा शब्द अगदी निरुपद्रवी आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गणित मांडणार नाही. कॅल्क्युलेटरच्या काचेवर एक पातळ पटल चिकटवलेले असते, त्याची हकिकत तेवढी सांगतो.

प्रकाशाचा तरंग पुढे जातो आणि जाताना आडवा थरथरतो. सूर्याचा उजेड सगळ्या दिशांनी थरथरत येतो. त्यातली एकच दिशा निवडणे म्हणजे ध्रुवीकरण. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी आइसलंडच्या स्फटिकातून पाहिले, तर एका वस्तूच्या दोन दिसल्या. १८२८ मध्ये निकोल यांनी तसल्याच स्फटिकाचे दोन तुकडे चिकटवून लोलक केला. पुढे शंभरेक वर्षे प्रयोगशाळांचे काम अशा महागड्या लोलकांवर चालले.

मधेच या कथेत एक कुत्रे येते. ब्रिस्टलचे डॉक्टर हेरापाथ यांच्या विद्यार्थ्याने क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडिन टाकले आणि हिरवे, चकचकीत स्फटिक तयार झाले. दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडले, की तिथे काळोख. हेरापाथ यांनी १८५२ मध्ये हे जाहीर केले. हिवतापाचे औषध आणि जखमेचे औषध मिळून उजेड चाळत होते! पण हे स्फटिक फार नाजूक, ते मोठे करता येईनात.

१९२९ मध्ये एडविन लँड या अमेरिकी तरुणाने मोठ्या स्फटिकाचा नादच सोडला. असंख्य बारीक स्फटिक त्याने प्लास्टिकच्या थरात एका दिशेला लावले. १९३८ मध्ये तर त्याने स्फटिकही काढून टाकले. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे पटल तापवून कित्येक पट ताणले आणि त्याला आयोडिन पाजले. झाले.

‘झाले’ म्हणणे सोपे. पण नेमके झाले काय? ज्यांनी आमच्या नांदेडकडचा कापूस पाहिला आहे, त्यांना हे समजावणे अवघड नाही. पिंजाऱ्याने पिंजलेल्या कापसात तंतू सैरावैरा असतात. पेळू करून सूत ओढत गेले, की ते ओळीने लागतात. पटलातल्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे तसेच होते. आयोडिन त्या साखळ्यांना धरून रांगेत बसते आणि त्यातले इलेक्ट्रॉन साखळीच्या लांबीने हलू शकतात. म्हणून त्या दिशेने थरथरणारा उजेड गिळला जातो, काटकोनातला पार होतो. गजांच्या खिडकीतून दोरी हलवण्याचा दाखला पुष्कळदा देतात, तो इथे उलटा पडतो. उभ्या साखळ्या उभाच उजेड खातात.

दोन पटले काटकोनात धरली, की काळोख. त्यांच्या मधे तिसरे तिरपे सरकवा, काही उजेड परत येतो! अडवणारे वाढले आणि वाट उघडली. माझ्यातला कवी इथे उठून बसतो. पण कारण साधे आहे, मधले पटल उजेडाची दिशाच बदलून देते. कॅल्क्युलेटरमध्ये हे काम दोन पटलांमधला द्रवस्फटिक करतो. वीज दिली, की त्याचे वळवणे थांबते आणि अंक काळा उमटतो. रेडिओवर हे दाखवता येत नाही. पोलराइज्ड गॉगल कुणाकडे असेल, तर तो लावून कॅल्क्युलेटर गोल फिरवून बघा.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. तोवर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता. नंतर तिथे ६१७ मीटर खोल भोक घेण्यात आले. ३३८ मीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा दगड लागला, त्याच्याखाली थोडा गाळ आणि मग फार प्राचीन खडक. असा खडक ओळखायचा, तर त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून तो सूक्ष्मदर्शकात दोन ध्रुवकांच्या मधे ठेवतात. पूर्वी तिथे निकोलचे लोलक असत. आज बहुधा हीच ताणलेली पटले असतात. काप फिरवत गेले, की एक खनिज काळ्यापांढऱ्या पट्ट्यांनी उजळते, दुसरे रंग दाखवते, काच असेल ती काळीच राहते. किल्लारीच्या खालच्या खडकांतल्या खनिजांवरून अभ्यासकांनी अनुमान काढले, की हे खडक पृथ्वीच्या कवचात पुष्कळ खोल, मोठ्या उष्णतेत घडले आणि कालांतराने वर आले.