न्हाणीतला कोनाडा कुठं गेला?

इतिहास म्हटलं की आपल्या सातारा-सांगलीत गड, लढाया आणि पत्री सरकार आठवतं. आज मी एका लहान जागेचा इतिहास सांगणार आहे. न्हाणीत साबण, तेल, कपडे आणि बाईच्या चार खाजगी वस्तू ठेवायला पूर्वी कुठं जागा होती, ती कशी गेली, आणि आजच्या चार फुटी बाथरूममध्ये ती परत कशी आणायची, हे आजचं बोलणं.

आधी जुनं घर डोळ्यांपुढं आणा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तो घ्या, नाहीतर आपल्या आजीचं दगडमातीचं घर घ्या. दोन्हींत श्रीमंतीचा फरक मोठा, पण भिंत जाड असण्यात दोन्ही सारखी. साध्या घराची भिंतसुद्धा दीड-दोन फूट रुंद असायची. एवढ्या रुंद भिंतीत कोनाडा ठेवायला वेगळा खर्च येत नव्हता. भिंत चढवतानाच गवंडी तेवढी जागा मोकळी सोडायचा आणि वर लाकडाचा तुकडा किंवा सपाट दगड टाकायचा. दिव्याला देवळी, भांड्यांना फडताळ, कपड्यांना खुंटी आणि वळणी. सामानाची सोय भिंतीच्या पोटातच होती.

न्हाणी असायची स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा परसात. खाली दगड, शेजारी पाणी तापवायची चूल किंवा तांब्याचा बंब, पुढं घंगाळ. सांडपाणी परसातल्या अळूला, केळीला जायचं. सामान थोडंच असायचं: शिकेकाई, रिठा, हळद, डाळीचं पीठ, तेलाची वाटी आणि पाय घासायची वज्री. वज्री आता घरात दिसत नाही. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वज्र्या जपून ठेवल्या आहेत. पितळेच्या, वर मोर-हत्ती अशी चित्रं काढलेल्या. पायाची टाच घासायच्या वस्तूवर कारागिरानं एवढी मेहनत घेतली, म्हणजे बाईच्या आंघोळीला त्या घरात काही मान होता.

पण हा मान सगळ्यांच्या वाट्याला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. मजुरी करणाऱ्या, गावकुसाबाहेर राहणाऱ्या, एका खोलीत संसार करणाऱ्या बायकांना न्हाणी कुठली? कडब्याची ताटी उभी करायची, त्यावर जुनं लुगडं टाकायचं आणि पहाटेच्या अंधारात उरकून घ्यायचं. पाळीचं कापड तर वाड्यातल्या बाईलाही उघड्यावर वाळत घालता येत नव्हतं. ते वळचणीला खोचायचं, छपरात लपवायचं, नाहीतर दुसऱ्या ओल्या कपड्याखाली वाळवायचं. ऊन न लागलेलं ते कापड पुन्हा वापरायचं. तेलाच्या वाटीला कोनाडा होता, पण बाईच्या या कापडाला जुन्या घरानंही जागा दिली नव्हती. म्हणून ‘जुनं ते सोनं’ असं मी म्हणत नाही. जुन्या घरात काय होतं आणि काय नव्हतं, दोन्ही लक्षात ठेवू.

मग भिंत बारीक झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर आणि पाटण भागात दगडमातीची घरं मोठ्या प्रमाणात पडली, माणसं भिंतींखाली सापडली. जाड मातीची भिंत घर थंड ठेवते, कोनाडा देते, पण हादरा बसला की कोसळते, हे आपल्या जिल्ह्यानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं. पुढं वीट, सिमेंट आणि स्लॅब गावोगाव आले. बाहेरची भिंत नऊ इंचांची आणि आतली, विशेषतः न्हाणीची, चार इंचांची. चार इंचांच्या भिंतीत कोनाडा कोरला तर पलीकडची खोली दिसेल! कोनाडा घरातून गेला तो असा.

भिंत बारीक होत असताना सामान मात्र वाढत गेलं. गोदरेजनं १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण बनवायला सुरुवात केली. हळूहळू वडीचा साबण गावातल्या दुकानात पोचला. अंगाचा एक, कपड्याचा एक, मग धुण्याची पावडर. १९८० नंतर शांपूच्या पुड्या आल्या. बादल्या प्लास्टिकच्या झाल्या, ब्रश-पेस्ट आलं, संडासाचं हार्पिक आलं. त्याच गोदरेजनं १९२३ मध्ये लोखंडी कपाट बाजारात आणलं. पुढं ते आपल्या लग्नांतल्या रुखवतात येऊन बसलं. कुठल्याही कंपनीचं असो, आपण त्याला ‘गोदरेजचं कपाट’च म्हणतो. सुनेला किल्लीची जागा मिळाली ती त्या कपाटात. पण ते झोपायच्या खोलीत राहिलं. न्हाणीतल्या ओलीला लोखंडी कपाट चालत नाही.

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या मैत्रिणींची गोष्ट आणखी वेगळी. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तिथल्या आज्या अजून सांगतात. पाणी आलं की साठवायचं, हे तिथल्या अंगात भिनलेलं आहे. त्यामुळं बाथरूम बांधलं तरी निम्मी जागा बॅरल खाते. उरलेल्या निम्म्या जागेत आंघोळही करायची आणि सामानही ठेवायचं.

सन २०००-०१ मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तेव्हा ग्रामविकास मंत्री होते तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील, आपले आबा. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांचं नाव आपल्याला नवं नाही. कराडचं रयतचं कॉलेज त्यांच्याच नावाचं आहे. अभियानानं गावागावांत स्पर्धा लागली आणि घरोघरी संडास हा चारचौघांत बोलायचा विषय झाला. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान आलं आणि पात्र कुटुंबाला शौचालयासाठी १२,००० रुपये मिळू लागले. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाचं क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट ठरलं. पहाटेच्या अंधाराची वाट बघणं संपलं, हे बायकांच्या जगण्यातलं फार मोठं काम झालं. पण बोलणं झालं ते भांड्याचं, शोषखड्ड्याचं आणि दाराचं. आत फळी हवी, खुंटी हवी, हे कुणी विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही.

८ मार्च २०१८ ला राज्य सरकारची अस्मिता योजना सुरू झाली. तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत मिळायचं आणि ते पोचवायचं काम बचत गटांकडे होतं. वळचणीला खोचलेल्या कापडापासून पाकिटापर्यंत आपण आलो. आता ते पाकीट घरात ठेवायचं कुठं? खिडकीत ठेवलं तर भिजतं, बादलीमागं ठेवलं तर ओल धरतं, म्हणून पोरी ते दप्तरात किंवा अंथरुणाच्या घडीत लपवतात. हातून गडबडीत बाथरूममध्ये जाताना पाकीट न्यायचं राहतं आणि मग आतून आईला हाका मारायच्या. एका बंद, कोरड्या डब्याची आणि सहा इंच फळीची ही अडचण आहे. ती आपण सोडवू शकतो.

तर आता कामाचं बोलू.

घर अजून बांधायचं असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय तेव्हाच होतो. न्हाणीची एखादी भिंत नऊ इंचांची असेल तर गवंड्याला चार इंच खोल कोनाडा सोडायला सांगा. साबण, बाटली, पॅडचं पाकीट त्यात बसतं. कोनाड्याचा तळ किंचित बाहेरच्या बाजूला उतरता ठेवायला सांगा, म्हणजे पाणी साचत नाही. सगळ्या भिंती चार इंची असतील तर कोपऱ्यात कडप्प्याचे किंवा शहाबादी फरशीचे त्रिकोणी तुकडे बसवून घ्या. ओट्याचं काम झालं की असे तुकडे उरतातच. ते टाइल्स लावतानाच भिंतीत रुतवायचे.

बाथरूम आधीच बांधलेलं असेल तर विकतचं रॅक किंवा लहान कपाट आणावं लागेल. बाजारात जाण्याआधी टेप घेऊन तीन मापं घ्या. पहिलं, दार पूर्ण उघडल्यावर कुठपर्यंत येतं. दुसरं, बसून आंघोळ करताना आणि उठताना खांदा, डोकं कुठं लागतं. तिसरं, बॅरलची किंवा संडासाच्या टाकीची उंची. लहान बाथरूममध्ये फळी सहा इंचांपेक्षा रुंद नको. जमिनीवरची जागा अडवू नका, बॅरलच्या वरची, दाराच्या वरची, कोपऱ्याची जागा वापरा. चार पायांचं अरुंद रॅक बॅरलवर उभं राहतं, पण बॅरलचं झाकण उघडून तांब्या आत जाईल एवढी मोकळीक मध्ये ठेवा.

माल कुठला घ्यायचा? भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं कपाट दिसायला छान असतं, पण पाण्यानं फुगतं. साध्या लोखंडाला गंज चढतो, त्यात बोअरचं खारं पाणी असेल तर लवकरच. पीव्हीसी, जाड प्लास्टिक, अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील बरं. स्टीलच्या रॅकचे स्क्रूही स्टेनलेसचेच आहेत का ते बघून घ्या. रॅक चांगलं आणि स्क्रू गंजका, असं पुष्कळदा निघतं. नदीकाठच्या मैत्रिणींना हे जास्त सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घरात पाणी शिरल्यावर लाकडी सामानाचं काय होतं ते कृष्णाकाठानं पाहिलं आहे. तिथं भिंतीवरून काढून माळ्यावर नेता येईल असं हलकं रॅक घ्या.

आता जोडणी. खोकं उघडल्यावर आधी सगळे भाग आणि स्क्रू कागदावरच्या चित्राशी मोजून घ्या. सगळे स्क्रू आधी सैल लावा, रॅक उभं करून सरळ आहे का बघा आणि मग एकेक आवळा. एकच कोपरा आधी घट्ट आवळला तर दुसरा तिरका होतो आणि भोकं जुळत नाहीत.

भिंतीवर फळी लावताना पेन्सिलीनं खूण करा आणि पाणसळ लावून बघा. पाणसळ नसेल तर पारदर्शक बाटलीत निम्मं पाणी घालून ती फळीवर आडवी ठेवा, कल लगेच दिसतो. नळाच्या आणि बटणाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, आत पाइप किंवा वायर असते. टाइलवर भोक पाडायचं तर खुणेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. ठोकणी बंद ठेवून टाइल सावकाश कापा आणि आतली वीट लागल्यावरच ठोकणी सुरू करा. टाइलच्या कडेला भोक नको, तडा जातो. सहा मिलिमीटरच्या गट्टीला सहाचंच बिट. भोकातली धूळ फुंकून काढा, मग गट्टी बसवा. मशीन भाड्यानं मिळतं. गटातल्या चार घरांचं काम एकाच दिवशी काढलं तर भाडं वाटून जातं.

चिकटवायचे हूक फक्त गुळगुळीत, कोरड्या टाइलवर टिकतात. लावल्यावर एक दिवस त्यावर वजन देऊ नका. रंगाच्या भिंतीवर ते रंगासकट खाली येतात. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे साधारण एक किलो. पाच बाटल्या आणि पावडर ठेवायची तर फळी स्क्रूचीच हवी. आणि उंच रॅक कुठलंही असो, वरच्या बाजूनं भिंतीला पट्टीनं बांधाच. लेकरं लोंबकळतात, आणि आपला भाग भूकंपाचाही आहे.

शेवटचं, उंची. अॅसिड आणि हार्पिक लेकरांच्या हाताला लागणार नाही असं वर. साबण आणि तेल सासूबाईंना वाकावं लागणार नाही असं कमरेच्या उंचीला. पॅडचा झाकणाचा डबा पाण्याच्या शिंतोड्यापासून दूर, पण घरातल्या सगळ्यात लहान मुलीचा हात पोचेल असा. तिला पाळी यायच्या आधीच तो डबा दाखवून ठेवा. सुनेला तिची स्वतःची एक खुंटी द्या.

या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या बाथरूमची ती तीन मापं लिहून आणा. ज्यांच्या घरकुलाचं काम चालू आहे, त्यांनी मात्र बैठकीची वाट बघू नका. उद्या सकाळी गवंडी कामावर आला की प्लास्टर सुरू व्हायच्या आत त्याला कोनाड्याची जागा दाखवा.