गुडमारची पावडर घ्यावी का? थोडा इतिहास

"डॉक्टर, गुडमारने शुगर आणि वजन दोन्ही उतरतं ना?" कोलाड-रोहा भागातले पेशंट हमखास विचारतात.

गुडमार ही सह्याद्रीतही आढळणारी वेल. पाने चावली की काही वेळ गोड चव कळत नाही, म्हणून हे नाव. १९२८ मध्ये कलकत्त्यात डॉ. चोप्रा यांना रुग्णांमध्ये तिचा फायदा दिसला नाही. १९३० मध्ये मुंबईच्या म्हसकर आणि कायस यांना मात्र प्राण्यांमध्ये रक्तातील साखर उतरताना दिसली.

युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीची गोष्ट पुढे गेली. तिच्यातील ग्वानिडीनशी नाते असलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. १९५७ मध्ये फ्रान्सच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. यकृतातून येणारी साखर ते कमी करते, इन्सुलिनचा परिणाम सुधारते. आज त्याचा डोस ठरलेला आहे, दुष्परिणामही माहीत आहेत.

गुडमारचा हा प्रवास अजून अर्धाच आहे. त्यामुळे पावडरच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका. दोन्ही एकत्र घेतल्यास शुगर फार खाली जाऊ शकते: घाम, थरथर, चक्कर. पावडर घेत असाल तर लपवू नका. मी रागावणार नाही, फक्त डोस तपासेन.