भिरंडाची साक्ष

चोर्ल्याचा घाट उतरून बेळगावहून गोव्यात गेले, की ताटातले आंबट बदलते. देशावरच्या आमटीत चिंच असते. घाटाखाली तिची जागा बरीचशी भिरंडाची साल घेते. भिरंड म्हणजे आपला रातांबा. त्याच्या वाळवलेल्या सालीला आपण आमसूल किंवा कोकम म्हणतो, गोवेकर सोलां म्हणतात. हिंदू घरांत ही सोलां माशांच्या हुमणात पडतात, सोलकढीत पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत मात्र हीच सोलां डुकराच्या मांसातही पडतात. त्या पदार्थाचे नावच मुळी ‘सोलांतुलें’, म्हणजे सोलांतले.

गोव्यातील डुकराचे मांस म्हटले की आपल्याला विंदालू आणि सोरपोतेल ही दोन नावे आठवतात. विंदालूतील ‘आलू’ म्हणजे बटाटा नव्हे. पोर्तुगीज भाषेत ‘विन्यु’ म्हणजे द्राक्षाची दारू आणि ‘आल्यु’ म्हणजे लसूण; त्या जोडीतून हे नाव आले. दारूत किंवा तिच्या शिरक्यात लसूण घालून मांस मुरवायचे, ही त्यांची मायदेशची रीत. गोव्यात द्राक्षे नव्हती, पण माड होता. तेव्हा माडाच्या सुरेचा शिरका आला आणि त्याच्याबरोबर मसाला व मिरची आली. हा विंदालू पुढे गोवेकर आचाऱ्यांबरोबर साहेबाच्या स्वयंपाकघरात शिरला आणि थेट विलायतेला पोचला. सोलांतुलें मात्र फारसे घराबाहेर पडले नाही. इतिहासाच्या दृष्टीने मला तेच अधिक बोलके वाटते.

त्याची कृती साधी आहे. मांसाचे चरबीसकट तुकडे करायचे, त्यांना मीठ आणि हळद लावायची. आले, लसूण, सुक्या मिरच्या, मिरी, लवंग आणि मूठभर सोलां घालून मातीच्या मडक्यात मंद विस्तवावर ठेवायचे. वेगळे तेल लागत नाही. चरबी सुटते आणि मांस तिच्यातच शिजते. सोलां हळूहळू विरघळून रस्सा काळपट तांबडा, दाट होतो. रोज एकदा कढ दिला की तो कित्येक दिवस टिकतो. आंबटात जंतू सहजासहजी वाढत नाहीत, मीठ मांसातील पाणी ओढून घेते आणि वर थिजलेली चरबी हवेला अडवते. पावसाळ्याच्या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्दही पोर्तुगीजांचाच. रातांबे पिकतात एप्रिल-मे महिन्यांत, साल मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळते ती पावसाच्या तोंडावर. सुकी मासळी, खारवलेले मांस आणि सोलां ही सारी त्या एकाच बेगमीची अंगे.

या भिरंडाची छापील नोंद फार जुनी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि इथल्या वनस्पतींवर व औषधांवर संवादरूपाने लिहिलेला त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात तो ‘ब्रिंदांव’ नावाच्या, आतून रक्तासारख्या लाल आणि अतिशय आंबट फळाची माहिती देतो. त्याची साल शिरका करण्यासाठी राखून ठेवतात, असेही तो सांगतो. ‘ब्रिंदांव’ म्हणजे आपले भिरंडच. म्हणजे शिरक्याचे काम ही साल करू शकते, हे त्या परक्या वैद्याला चारशे साठ वर्षांपूर्वी ठाऊक होते.

ओर्ताचे घराणे मूळचे ज्यू, धर्मांतर केलेले. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले. ओर्ता १५६८ साली वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळली गेली. छुपा ज्यू ओळखण्याच्या ज्या खुणा हे धर्मन्यायालय मानत असे, त्यांत डुकराचे मांस टाळणे ही एक प्रमुख खूण होती. माणूस काय खातो यावरून त्याची श्रद्धा ठरवायची आणि श्रद्धेवरून त्याचे मरण!

हा पहारा हिंदूंतून बाटलेल्यांवरही होता. १७३६ सालच्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती घरांतील तुळस उपटण्याचा हुकूम आहे आणि हिंदूंप्रमाणे अळणी भात शिजवण्यालाही बंदी आहे. भातातल्या मिठापर्यंत ज्या सत्तेची नजर गेली, तिच्या राज्यात डुकराचे मांस हा केवळ चवीचा प्रश्न उरला नव्हता. ते खाणे हा नव्या धर्माचा पुरावा होता आणि जुन्या गोतावळ्याशी तुटल्याची खूणही. मधली चार वर्षे सोडली, तर हे न्यायालय १८१२ सालापर्यंत चालले.

पण म्हणून हे मांसच परके, ते पोर्तुगीजांनी आणले, असे समजणे चूक ठरेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. बेळगावचा प्रदेश तेव्हा त्याच चालुक्यांच्या राज्यात होता. या ग्रंथाच्या पाकविभागात वराहाचे केस गरम पाण्याने कसे काढावेत, मांस कसे भाजावे, हे राजा तपशिलाने सांगतो. वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट.

घाटमाथ्याने दक्षिणेला कोडगूत गेलो, तर दुसरा पुरावा जिवंत सापडतो. कोडव लोक हिंदू. सप्टेंबरात कैलपोळद या सणाला ते शस्त्रांची पूजा करतात आणि मग डुकराच्या मांसाची ‘पंदी करी’ जेवतात. तिच्यात शेवटी घालतात ‘कचंपुळी’. भिरंडाच्याच कुळातील एका फळाचा रस गाळून, काकवीसारखा काळा आणि दाट होईपर्यंत आटवला की कचंपुळी होते. पूर्वी हे मांस रानडुकराच्या शिकारीचे असे; १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते पाळीव डुकराचे झाले. फळ तेच राहिले. इथे पाद्री नव्हता, जाहीरनामा नव्हता, तरी चरबीयुक्त मांसाला याच कुळातील फळाचे आंबट, ही जोडी जमली. पावसाच्या मुलुखात मांस टिकवायचे, तर माणसाने आसपासच्या रानातले आंबटच शोधले असणार, असे मला वाटते.

वनस्पतिशास्त्रात या कुळाचे नाव ‘गार्सिनिया’. नामसाधर्म्यामुळे ते ओर्तावरून पडले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात लिनियसने ते लॉरां गार्सां या दुसऱ्या निसर्गशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ दिले. ओर्ताच्या वाट्याला ना शांत कबर आली, ना हे नाव.

सोलांतुल्याचे मडके समोर ठेवून पाहिले, तर त्यात दोन इतिहास एकत्र शिजलेले दिसतात. मांसाला चिकटलेला धर्माचा अर्थ बाहेरून लादला गेला. आंबट मात्र परसातले. अंगणातली तुळस हुकमाने गेली, देवळे गेली, आडनावे बदलली. धर्म बदललेल्या घरातल्या बाईने मडक्यात हात घातला, तेव्हा तो तिच्या आजीच्याच डब्यातल्या सोलांकडे गेला. शेजारच्या हिंदू घरातही त्याच मे महिन्यात, त्याच उन्हात सोलां वाळत होती. एकमेकांच्या घरचे पाणी वर्ज्य झाले तरी दोन्ही घरांचे आंबट एकच राहिले. सरहद्दीवरच्या आपल्यासारख्यांनी तरी शेजाऱ्याच्या ताटाकडे नाक मुरडण्यापूर्वी त्यातली ही साक्ष वाचायला हवी.