दरवाजा आणि परवाना

रायगडाच्या रोपवेच्या पायथ्याशी पर्यटकांना हिरकणीची गोष्ट सांगतात ती आईच्या मायेची. माझे आजोबा तीच गोष्ट दरवाजाची म्हणून सांगत. दिवस मावळला की रायगडाचे दरवाजे बंद, मग गवळण असो की सरदार. गवळण हिरकणीला तो नियम ठाऊक होता, म्हणून तर घरच्या तान्ह्या बाळासाठी ती कड्यावरून उतरली. शिवाजी महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. आजोबा बुरुजापाशी हमखास थांबत. नियम जिथून निसटला, ती जागा दुसऱ्याच दिवशी बघितली गेली, हे त्यांना मोठं वाटे.

आजीची गोष्ट मोहफुलांची. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. डोंगरातली मोहाची हातभट्टी थांबावी आणि मक्तेदाराची दारू खपावी म्हणून इंग्रजांनी 1892 साली ठाणे आणि कुलाब्यासाठी मोहफुलांचा कायदा केला. कातकरी-ठाकरांचं ते पोटाला आधार देणारं फूल घरात ठेवणंही गुन्हा ठरू लागलं. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफुलं राहिलीच.

आजीच्या माहेरी कणगीमागे मडकं असे. वाळलेली फुलं मनुकांसारखी दिसत, वास घरभर. तसं मडकं घरोघरी होतं आणि पोलीसपाटलालाही ते माहीत होतं. मग बांधावरून भाऊबंदकी पेटली आणि एका सकाळी जमादार सरळ कणगीमागे गेला. शेजारच्या मडक्यांना त्याने हातही लावला नाही. दंडापायी दुभती म्हैस विकावी लागली. आजी म्हणे, "गुन्हा मडक्याचा नव्हता बाय, बांधाचा होता."

मोहफुलांवरचे निर्बंध सरकारने उठवले ते थेट 2021 साली. पण त्याच 1949 च्या कायद्यातला दारू पिण्याचा परवाना अजून जिवंत आहे. सज्ञान माणसाने स्वतःच्या घरात घोटभर घेतली तरी परवाना हवा. तो किती जणांकडे असतो, हे दुकानदाराला विचारा. 2012 साली मुंबईत छापे पडले, तेव्हा कित्येकांना असा काही परवाना असतो हे पहिल्यांदा कळलं. सगळेच मोडतात असा कायदा वापरायचा कुणावर, हे ठरवतो तो छापा घालणारा, किंवा त्याच्या कानाला लागणारा. गरिबाला तर ठाण्यात नेण्याची धमकीच पुरते.

दारूने घरं बसतात, हे मी आमच्या भागात बघितलं आहे. दारूचं दुकान बंद पाडण्यासाठी, बाटली आडवी करायला मतदानाला उतरणाऱ्या बायकांच्या बाजूने मी आहे. दारू पिऊन बायकोवर हात टाकणाऱ्याला, घाटात गाडी हाकणाऱ्याला पकडाच, त्यासाठी कायदे आहेत. घरात गुपचूप बसलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवणारं परवान्याचं कलम मात्र विधिमंडळाने रद्द करावं. आपल्या आमदारांना हे विचारा, आणि विचारताना त्यांचा स्वतःचा परवाना आहे का, तेही विचारा.