चिरनेरची माणसे

२५ सप्टेंबर १९३० रोजी आजच्या उरण तालुक्यातील चिरनेर गावालगत, अक्कादेवीच्या जंगलात सशस्त्र पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ ग्रामस्थ प्राणांस मुकले. पाठ्यपुस्तके या प्रसंगास एखादे वाक्य देऊन पुढे जातात. त्या दिवशी डोंगरावर समोरासमोर उभी ठाकलेली माणसे कोण होती, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्या वर्षीच्या एप्रिलात मिठाचा सत्याग्रह झाला. पावसाळ्यात मीठ पिकत नाही. तेव्हा महाराष्ट्रात लोकांनी जंगलाकडे मोर्चा वळविला. १० जुलैला बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून कायदा मोडला. कुलाबा जिल्ह्यातील आगरी, कोळी आणि कातकरी यांना त्यासाठी दूर जावे लागले नाही. चुलीचे सरपण, नांगराचे लाकूड, गुरांचा चारा, सारे डोंगरातूनच येई, आणि १९२७ च्या वनकायद्याने राखीव रानात तेच घेणे गुन्हा ठरले होते. हाती कोयता घेऊन रानात जाणे हा त्यांचा नित्यक्रम. त्या दिवशी ते उघडपणे आणि एकत्र गेले, इतकेच.

मृतांची नावे सावकाश वाचावीत. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी, मोठी जुईचे रामा बामा कोळी, धाकटी जुईचे आनंदा माया पाटील, कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी, पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील, खोपट्याचे हसुराम बुध्या घरत, दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे. एका गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सत्याग्रहात सात गावांची माणसे पडली. पुढारी म्हणून गाजलेले नाव यांत एकही नाही. कोळी, कातकरी, न्हावी ही आडनावेच त्यांच्या जातीची आणि कामाची ओळख सांगतात.

आता दुसरी बाजू. तेथे मामलेदार जोशी होते, आणि पोलीस अधिकाऱ्याचे आडनाव होते पाटील. म्हणजे मरणाऱ्यांतही पाटील आणि बंदुकधाऱ्यांच्या पुढेही पाटील! त्या रानात गोरा शिपाई शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही; हुकूम आणि आरोळी दोन्ही मराठीतच उठली असणार. स्वतः मामलेदारही त्या गोंधळात मारले गेले. सरकारने त्याचा ठपका जमावावर ठेवला. गोळीबाराचा हुकूम देण्यास जोशी राजी नव्हते आणि पोलिसाच्याच गोळीने त्यांचा अंत झाला, असे मात्र या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ज्या कारकुनी सत्तेची त्यांनी चाकरी केली, तिच्या कागदांपेक्षा ज्यांच्यावर ती चाल करून आली त्यांनीच या मामलेदाराचे नाव अधिक ममतेने जपले, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

पुढे धरपकड झाली. खटला उभा राहिला तो ग्रामस्थांवरच. आरोपींच्या वतीने उभे राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

चिरनेरच्या महागणपती मंदिरात खिडकीच्या लोखंडी गजावर गोळीची खूण दाखवितात. गावात हुतात्म्यांचे स्मारक आहे. दरवर्षी २५ सप्टेंबरला तेथे पोलीस येतात, बंदुका आकाशाकडे रोखतात आणि फैरी झाडून त्या आठांना मानवंदना देतात.